शेतकऱ्याची लेक आणि शिडाची होडी



चाकूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमची धाकटी आठवीत आहे. शाळेत मास्तरांनी सांगितले की, २०२३ साली आशियाई खेळांत एका शेतकऱ्याच्या मुलीला होडीच्या शर्यतीत रुप्याचे पदक मिळाले. तेव्हापासून पोरीने ध्यास घेतला आहे. वहीच्या मागल्या पानांवर होड्याच काढते. मामंजी म्हणतात, प्यायला पाणी नाही अन् होड्या कुठल्या! मालक काही बोलत नाहीत. मला तर ती विहिरीत पोहायला गेली तरी पोटात गोळा येतो. हा खेळ असतो तरी कसा, बुडण्याची भीती किती, आणि तिला यात पडू द्यावे काय?"

ताई, तुमच्या मामंजींच्या बोलण्याला मी हसणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या डब्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मांजरा धरणाच्या तळाच्या भेगा ज्याने पाहिल्या, तो होडीच्या गोष्टीवर एकदम विश्वास कसा ठेवील? पण मास्तरांनी सांगितले ते खरे आहे. ती मुलगी म्हणजे नेहा ठाकूर. गाव अमलाताज, जिल्हा देवास, मध्य प्रदेश. घरचा धंदा शेती. तिच्या गावालाही समुद्र नाही. देवासपासूनही समुद्र दूरच.

मग ती शिकली कुठे? भोपाळच्या मोठ्या तलावावर. राजा भोजाने बांधला असे सांगतात तो हा तलाव. त्याच्या काठी मध्य प्रदेश सरकारने जलक्रीडेची प्रबोधिनी चालविली आहे. खेड्यापाड्यांतून मुले-मुली निवडून आणायची, तेथेच ठेवायची आणि तळ्यावर शिडाची होडी शिकवायची, असा तो उपक्रम आहे. नेहाच्या आधी, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत, तेथलीच हर्षिता तोमर कांस्यपदक घेऊन आली. ती होशंगाबादकडची, वय अवघे सोळा. आणि तिची शर्यत मुला-मुलींची एकत्र होती. म्हणजे मुलग्यांना मागे टाकून तिने ते पदक आणले. हे मुद्दाम सांगतो, कारण "पोरीच्या जातीला झेपेल का" असे पत्रात लिहिले नसले तरी मालकांच्या गप्प बसण्यात ते असू शकते.

आता खेळ कसा असतो ते पाहू. होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गोदावरीवरची नाव येते. दहा-वीस माणसे, दोन सायकली, एखादी शेळी. ही होडी तशी नव्हे. नेहाची होडी एका माणसाची. लांबी चौदा फुटांच्या आत, आणि नुसत्या सांगाड्याचे वजन ५९ किलो, म्हणजे क्विंटलभर ज्वारीच्या पोत्यापेक्षा हलकी. वर एक डोलकाठी, तिला एक शीड. मागे सुकाणू. मध्यभागी एक फळी, जी होडीच्या खाचेतून खाली पाण्यात सोडतात. इंजिन नाही, वल्हे नाही. पूर्वी हिला लेसर म्हणत, आता इल्का म्हणतात. कॅनडाच्या ब्रूस कर्बी नावाच्या माणसाने १९७० च्या सुमारास ही आखली, आणि १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. हिची गंमत अशी की, सांगाडा एकच, पण खेळणाऱ्याच्या वजनाप्रमाणे शीड लहान-मोठे लावता येते. हलक्या अंगाच्या मुला-मुलींसाठी ४.७ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ५० चौरस फुटांचे शीड. त्याहून लहान लेकरांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची निराळी होडी असते. दिसायला थेट गुरांना पाणी पाजायच्या डोणीसारखी! अमेरिकेत १९४७ साली क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने प्लायवूडच्या दोन फळ्यांत बसेल अशी ती बेतली, म्हणजे सामान्य घरच्या बापालाही पोरासाठी बांधता यावी.

वारा मागून आला तर होडी पुढे जाणार, हे कोणालाही कळते. नवल आहे ते पुढेच. ही होडी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूलाही जाते! सरळ नाही जात, पण तिरकी जाते. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबला तर तो पुढे सटकतो ना? तसेच काहीसे येथे होते. वरून वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, खालची फळी पाणी धरून ठेवते आणि होडीला बाजूला सरकू देत नाही. तिफणीचे फण जमिनीत असले म्हणजे तिफण आडवी सरकत नाही, तसेच. दोघांच्या चिमटीत सापडलेली होडी मग पुढे निसटते. थोडे डावीकडून तिरके जायचे, मग तोंड फिरवून उजवीकडून तिरके जायचे, असे घाटातल्या वळणांसारखे करीत वाऱ्याच्या उगमाकडे चढायचे. शर्यतीतला हाच खरा कस. वाऱ्याबरोबर येणे त्या मानाने सोपे.

आणि वारा काही एकसारखा नसतो, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. मळणीयंत्र येण्याआधी खळ्यावर उफणणी कशी चाले, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. पाटी हातात घेऊन उंचावर उभे राहायचे आणि वाऱ्याची वाट पाहायची. झुळूक आली रे आली की पाटी हलवायची, ती गेली की हात थांबवायचा. वारा फिरला तर भूस दाण्यावर येते, म्हणून उभे राहण्याची दिशा बदलायची. होडीवाल्याचे सारे शिक्षण याच शाळेतले. पाण्यावरून झोत येत असला म्हणजे तेवढ्या पट्ट्यात पाणी काळसर दिसते, बारीक सुरकुत्या पडतात. उभ्या जोंधळ्यावरून वाऱ्याची लाट पळत येताना दिसते ना, तशी. ती लाट होडीपाशी पोहोचण्याआधी अंग बाहेर झोकायचे असते. पाय होडीतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ पाण्यावर टाकून द्यायची, नाहीतर होडी कलंडलीच. मांड्या आणि पोट यांचा असा कस लागतो की बैठका मारणारा गडीही पहिल्या दिवशी हात टेकील.

शर्यत सुरू होते तीही पाहण्यासारखी. पाण्यावर चुन्याची रेघ मारता येत नाही. म्हणून एका बाजूला पंचांची नाव, दुसऱ्या बाजूला पाण्यावर तरंगणारा गोळा, आणि या दोहोंमधली मनातली रेघ. पाच मिनिटे आधी निशाण चढते आणि भोंगा होतो. मग चार मिनिटे उरली असता, मग एक मिनिट उरले असता. शंकरपटात बैलजोडी दाव्याने थोपवून धरतात. होडी थोपवायला पाण्यात खुंटा कुठला! म्हणून सगळ्या होड्या रेघेच्या अलीकडे घिरट्या घालीत राहतात आणि शेवटच्या भोंग्याला नेमके रेघेवर येण्याची धडपड करतात. हातभर जरी आधी ओलांडली तरी माघारी येऊन पुन्हा निघावे लागते. आणि वारा पडला तर? तर उन्हात बसायचे. पंच निशाण लावतात, शर्यत पुढे ढकलली. कधी तास, कधी अर्धा दिवस. पावसाची वाट पाहिलेल्या माणसाला याचे काय कौतुक!

एका स्पर्धेत एकच शर्यत नसते, अनेक असतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. सगळ्यांत वाईट गेलेली एक शर्यत हिशेबातून सोडून देतात. चीनमध्ये नेहाच्या ११ शर्यती झाल्या. एकूण गुण ३२. त्यांतील सर्वांत वाईट शर्यतीचे ५ वजा जाता २७ उरले. सुवर्ण मिळविणाऱ्या थायलंडच्या मुलीचे १६, तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे २८. पाहा, इतक्या शर्यती करून रुपे आणि कांसे यांत अंतर एका गुणाचे. एखाद्या शर्यतीत एक होडी जरी पुढे निघून गेली असती तरी हिशेब फिरला असता. पहिल्या नंबराने दिपवून जाणाऱ्यांचा हा खेळ नव्हे. रोजच्या रोज दुसरा-तिसरा नंबर टिकवून धरणाऱ्यांचा आहे. एक एकर फार पिकवून बाकीचे पडीक ठेवणाऱ्याला यात काही मिळत नाही.

मला स्वतःला या खेळात सर्वांत भावलेली गोष्ट निराळीच आहे. मैदानातल्या खेळात शिट्टी घेऊन पंच मागे धावत असतो. येथे पाणी मोठे, होड्या पांगलेल्या, पंच कुठे कुठे पुरणार? म्हणून वाटेचा नियम सर्वांना पाठ असावा लागतो. वारा उजव्या अंगाने घेणाऱ्या होडीला, डाव्या अंगाने घेणाऱ्याने वाट द्यायची. न देता आडवे गेले तर चूक करणाऱ्याने आपली आपण शिक्षा घ्यायची. तेथल्या तेथे होडी दोनदा गरकन पूर्ण फिरवायची. बाकीचे तोवर पुढे निघून जातात, ते जाऊ द्यायचे. वळणाच्या गोळ्याला होडी घासली तर एक फेरी. कोणी पाहिले नाही म्हणून न घेणारेही असतात, माणूस तो माणूसच. तेव्हा दुसरा ओरडून हरकत घेतो आणि संध्याकाळी काठावर पंचायत बसते. टेबलावर बोटभर लांबीच्या खेळण्यातल्या होड्या मांडतात. "तू येथे होतास, मी येथे, वारा असा," करीत दोघे त्या सरकवून दाखवितात, साक्षीदार बोलावतात आणि पंच निकाल देतात. बांधाच्या भांडणाला आपल्याकडे अशी सोय असती तर कोर्टाच्या किती खेपा वाचल्या असत्या! असो.

आता ताई, तुमचा मुख्य प्रश्न, बुडण्याचा. होडी कलंडते. नेहमी कलंडते. नवशिक्याची तर दिवसातून अनेकदा. म्हणूनच क्लबात आधी पोहणे पाहतात, मग अंगात तरंगते जाकीट घालतात, त्याचे बंद ओढून पाहतात, आणि मग मुद्दाम होडी पालथी करायला लावतात. होडीचा सांगाडा बंद पोकळीचा असल्याने ती पालथी होते, पण तळाला जात नाही. पोराला पहिला धडा हा की, होडी सोडून काठाकडे पोहायचे नाही. पोहत वळसा घालून खालच्या बाजूला यायचे, बाहेर आलेल्या फळीवर उभे राहायचे, होडीची कड धरून अंगाचा भार मागे टाकायचा. शीड हळूहळू पाण्याबाहेर येते, होडी सरळ होते, मग आत चढायचे. जवळच इंजिनाची बचाव नाव फिरत असते. पाणी मात्र कधी माणसाळत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरात १९९० साली बुद्धाची मूर्ती नेणारा तराफा उलटून माणसे दगावली आणि मूर्ती दोन वर्षे तळाशी राहिली. ती १९९२ साली बाहेर काढून उभी केली. तळे शांत दिसते म्हणून ते शांत असतेच असे नाही.

पण खरे सांगू का? जाकीट घालून, बचाव नावेच्या नजरेखाली असलेल्या पोरीपेक्षा मला आपल्या शेतातल्या पोरांची काळजी अधिक वाटते. गेल्या काही वर्षांत गावोगावी शेततळी झाली. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, उतार तीव्र, त्यावर शेवाळ. बादली भरायला गेलेले लेकरू एकदा घसरले की कागदावर ना हात टिकत, ना पाय. पट्टीचा पोहणाराही तेथून बाहेर येऊ शकत नाही. तेव्हा होडीचे ठरेल तेव्हा ठरेल, पण तुमच्या किंवा शेजारच्या रानात असे तळे असेल तर या आठवड्यातच चारी बाजूंना जाड दोर काठाच्या खुंट्याला बांधून आत सोडा. त्याला हात-हात अंतरावर गाठी मारा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून काठावर ठेवा. कुंपण घालता आले तर उत्तमच. आणि पोरीला पोहू द्या, पण एकटीला नव्हे. कोणी जाणते माणूस काठावर असू द्या.

मामंजींच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. या खेळाला टिकणारे पाणी लागते, हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. तेथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल नावाच्या होडीत सुवर्णपदक मिळविले. त्याच खेळांतल्या वल्ह्याच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या. पुढे तो तलाव कोरडा पडला. आशियातले खेळाडू जेथे वल्हवीत गेले तेथे गुरे चरू लागली. तेव्हा विष्णुपुरीचे पाणी पाहून कोणी उद्या क्लब काढायची भाषा केली, तर आधी मे महिन्यातले पाणी दाखवा म्हणावे.

आपल्याला शिडे पाहायला जवळचे ठिकाण म्हणजे हैदराबादच. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. आजही दवाखान्याला आणि सोयऱ्याधायऱ्यांकडे नांदेड-उदगीरची माणसे तिकडेच जातात. हुसेनसागर हा सोळाव्या शतकात बांधलेला तलाव. त्यावर लष्कराच्या ई. एम. ई. केंद्राचे होडीवाले आहेत, सिकंदराबादचा सेलिंग क्लब आहे, आणि २००९ साली निघालेला यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे. हा शेवटचा क्लब गरीब वस्तीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुला-मुलींना शिकवितो. तलावाचे पाणी काही स्वच्छ नाही, वासही येतो. तरी त्या पाण्यातून राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पोरे निघाली आहेत. आणखी एक मौज. मुंबईत पावसाळा आला की समुद्र खवळतो आणि क्लबांच्या होड्या काठावर ओढून झाकून ठेवतात. हैदराबादेत मात्र मोठ्या शर्यती ऐन पावसाळ्यातच होतात, कारण पठारावर नैर्ऋत्येचा भरवशाचा वारा तेव्हाच असतो. तोच वारा, जो आपल्या सोयाबीनवरून ढग पळवून नेतो आणि आपण हात जोडून पाहत राहतो.

क्लबातले दिवस म्हणजे नुसती शर्यत नव्हे. होडी हातगाड्यावर चढवून पाण्यापर्यंत ढकलायची, परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, शीड वाळवून गुंडाळायचे, दोर तपासायचे. धाकट्याची होडी ओढायला थोरल्याने हात लावायचा. हात दोरांनी सोलून निघतात, तोंड उन्हाने रापते. नवी होडी लाखांच्या घरात जाते, म्हणून ती कोणा शेतकऱ्याने घ्यायची नसते. ती क्लबाची, सरकारची नाहीतर लष्कराची असते.

मग तुमच्या लेकीला वाट कोणती? भोपाळची प्रबोधिनी मध्य प्रदेशाची. आपल्या राज्याने तशी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढावी, असे मी म्हणेन. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. दुष्काळी गाव, विहिरी खोदण्याची मजुरी. २०१२ साली सैन्यात गेला आणि तेथे त्याच्या हातात प्रथम वल्हे आले. २०१६ साली तो ऑलिंपिकमध्ये वल्हवीत होता, २०१८ साली आशियाई सुवर्ण घेऊन आला. त्याचा खेळ वल्ह्याचा, पण वाट हीच. पाण्याचे खेळ आपल्या देशात मुख्यतः सैन्याने आणि नौदलाने सांभाळले आहेत. मुलींनाही ती दारे आता उघडली आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुली घेतात, आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या १७ जणी तेथून बाहेर पडल्या. त्या प्रबोधिनीला खडकवासला धरणाचे पाणी लागूनच आहे आणि तेथे शिडाची होडी शिकवितात. त्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारने नाशिकला मुलींची संस्था काढली आहे. दहावीनंतर तेथे प्रवेश असतो. गणिताला लातूरच्या पोरी काही कमी नाहीत.

तिला यात पडू द्यावे काय, याचे उत्तर मी असे देईन. पदकाच्या आशेने पाठवू नका. पदक एकीला मिळते आणि पुष्कळ जणी तसेच तळे सोडून घरी येतात. शिवाय घर लहानपणीच सोडावे लागते. नेहा गाव सोडून गेली तेव्हा ती अजून लहानच होती, आणि तिच्या आईला कसे वाटले असेल ते मी तुम्हाला काय सांगणार? एवढे करा. दहावीपर्यंत अभ्यास आणि पोहणे दोन्ही चालू ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पेरणी आटोपली की एखाद्या रविवारी मालकांना आणि मामंजींनाही बरोबर घेऊन लेकीला हैदराबाद दाखवा. नुसत्या टँकबंडवरून परत फिरू नका. संजीवय्या उद्यानाच्या बाजूला जा, तेथून शिडे जवळून दिसतात. काठावरच्या शिकविणाऱ्यांना तिला स्वतःला प्रश्न विचारू द्या. हिंदी तिला येतच असेल. आणि डोक्याला बांधायला काही न्या, ढग असले तरी पाण्यावरचे ऊन फार लागते.